पिवळी टिकली

पुलावर तीन माणसं आहेत. तिघंही डावीकडे निघालेली. पहिल्याच्या हातात काठी, दुसऱ्याच्या खांद्यावर गाठोडं, तिसऱ्याच्या हातात काहीच नाही. पुलाचा पलीकडचा काठ काढायचा राहून गेला आहे.

*

बेकल्सच्या मिसेस फेल्गेट आपल्या शेडच्या दाराला आतून घोंगडी टांगतात. आत नखं रंगवायच्या रंगासारखा उग्र वास. धुळीचा एक कण बसला तर पुन्हा पहिल्यापासून, असं म्हणतात आणि श्वास रोखून कुंचला टेकवतात.

*

गोदीत आता मासेमारीचा एकच ट्रॉलर उरला आहे ज्याच्या नाकाडावरचं नाव हर्बर्ट अटिंग यांनी रंगवलं होतं. शेवटचं अक्षर गंजाने खाल्लं.

*

कवळी ठेवायच्या मगाला झाकण हवं, हा त्यांचा हट्ट. न्हाणीघराची कडी लावल्याशिवाय त्यांनी ती कधी काढली नाही. लेकीसमोर तर नाहीच.

*

"निळ्या टिकल्या नको आणूस," मॉरीन फोनवर धाकट्या बहिणीला म्हणाली. "निळ्यावर निळी दिसायची नाही. लाल माझ्या, हिरव्या क्लाइव्हच्या. तुला उरेल तो रंग."

*

उरला तो पिवळा.

*

अटिंगांच्या घरात वाटणी टिकल्यांनी होते. ही पद्धत आईची. आजी गेली तेव्हा दोन मावश्या एका शिवणयंत्रावरून एकमेकींशी बोलेनाशा झाल्या, आणि आईने ठरवून टाकलं: आपल्याकडे असं नको. थोरल्यापासून सुरुवात, एका पाळीला एक वस्तू, वस्तूवर आपल्या रंगाची चिकट टिकली, आणि सगळ्या टिकल्या लागेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. मग अदलाबदल करायची तर दोघांच्या मर्जीने. आई गेली तेव्हा तिच्या वस्तू अशाच वाटल्या गेल्या. आता डॅड गेले होते. ऐन उन्हाळ्यात गेले, आणि ऑक्टोबर उजाडला तरी पुढच्या खोलीतल्या काचेच्या कपाटाला कुणी हात लावला नव्हता. म्हणजे धाकटी बेरिल सोडून, जी त्यांच्यापाशीच राहिली होती. बेरिल रोज लावत होती.

घर विकायचं ठरलं होतं. बेरिल पेकफील्डला एका खोलीत राहायला जाणार होती. खिडकीतून समुद्र दिसायचा, पण भिंतीला फळी एकच. एका फळीवर काय मावतं? तिने मनाशी ठरवून ठेवलं होतं: किटली मावते. बाकी काही मिळालं नाही तरी चालेल, पण किटली हवी.

किटली चिनीमातीची, निळी-पांढरी, नारळाएवढी, गोलमटोल. याच गावात, लोवस्टॉफ्टमध्ये, अडीचशे वर्षांपूर्वी भाजलेली. ज्या कुणा बाईने ती रंगवली तिने चीन कधी पाहिला नव्हता, बहुधा जवळचं नॉर्विचही पाहिलं नसावं. तिने आपल्याला वाटला तसा चीन काढला: एक वाकलेलं झाड, कुंपण, पूल, पुलावर तिघे, आणि खाली पाण्यात एक नाव. नावेतला माणूस चिनी, टोपी चिनी, आणि शीड मात्र इथल्या हेरिंग मासे धरणाऱ्या होडीचं, हुबेहूब. डॅडना त्या शिडाचं भारी वेड होतं. त्यांनी चाळीस वर्षं बोटींवर नावं रंगवली. "बघ पोरी," ते बेरिलला म्हणायचे, "बाईला चीन जमला नाही. पण किनाऱ्यावरून जे रोज बघितलं ते कसं बिनचूक आलंय."

त्या किटलीची तोटी मिसेस फेल्गेटच्या हातची होती. म्हणजे मूळचीच, पण तुटलेली, चिकटवलेली, सांध्यावर रंग दिलेली, रंगावर लकाकी दिलेली. हे जगात दोनच बायकांना ठाऊक होतं.

*

"अजून चहाला हेच मग?" मॉरीन कोट काढता काढता म्हणाली. ती हॅरोगेटहून आदल्या दिवशीच येऊन हॉटेलात उतरली होती. घरात थंडी वाजते म्हणे.

"मग कशातून पिऊ?" बेरिल म्हणाली.

"कपाट भरून चिनीमाती घरात, आणि आपण जन्मभर वाटाण्याच्या कारखान्याच्या फुकट मगांतून चहा प्यायलो. डॅडना एकदा तरी सांगायला हवं होतं."

"सांगितलं होतंस की. सोळाव्या वाढदिवसाला. बशी आपटून."

"आपटली नव्हती. जोरात ठेवली."

क्लाइव्ह दारातच हसला. तो टकला झाल्यापासून डॅडसारखा दिसायला लागला होता आणि त्याला कुणी तसं म्हटलेलं आवडायचं नाही. त्याच्या मागून जॅनिस आली, त्याची दुसरी बायको, हातात जॅमचा केक. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मॉरीन तिला पाहुणीसारखीच वागवायची. केक घेऊन तिने तो फ्रीजवर ठेवला, जिथे कुणाचं लक्ष जाणार नव्हतं.

"बेरी, वारा काय सुटलाय," क्लाइव्ह म्हणाला. "एका सीगलने गाडीवर असा कार्यक्रम केलाय की नंबर वाचता येत नाही."

"तुला ओळखलं असेल त्याने," बेरिल म्हणाली.

सगळे हसले. घरात हसू फुटलं की बेरिलला हल्ली दचकल्यासारखं व्हायचं. भिंतींनाही सवय राहिली नव्हती.

*

दात लावणे. हा या घरातला संस्कारच म्हणायचा.

चिनीमातीचा जुना तुकडा खरा की सांधलेला, हे डोळ्यांना समजेलच असं नाही. बोटांनाही नाही, सांधणारा चांगला असेल तर. दाताला समजतं. झिलई काचेसारखी कडक असते, दातावर टक्क वाजते. वरून दिलेला रंग मऊ, दात त्यावर किंचित रुततो. वाढदिवसाला मुलांना कपाटातली एक वस्तू हातात मिळायची आणि तिच्या काठाला दात लावायची परवानगी. इतर घरांत मुलं मेणबत्त्या फुंकत होती. अटिंगांची तीन मुलं ओळीने उभी राहून बश्यांना चावत होती.

"काय लागतंय?" डॅड विचारायचे.

"टक्क."

"मग काय म्हणायचं?"

"निर्दोष!"

त्यांच्या कपाटात सांधा नव्हता. ही त्यांची शेखी. संग्राहकांच्या मंडळाची मंडळी महिन्यातून एकदा जमायची, आणि डॅड सगळ्यांसमोर म्हणायचे, "माझ्याकडे एक दाखवा जोड, आख्खं कपाट देतो." एका जुन्या मित्राने एकदा त्यांना सांधलेली बशी भेट दिली, न सांगता. डॅडनी ती दाताला लावली, परत कागदात गुंडाळली, आणि पुढे त्या माणसाच्या अंत्यविधीलाही गेले नाहीत.

मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही, मधूनच, कागदाला मध्यभागी जळकं भोक पडावं तसे. हातांना कंप सुटला. तरी रोज दुपारी कपाट उघडायचं, एकेक वस्तू काढायची, पुसायची, दाताला लावायची, ठेवायची. बेरिल शेजारी उभी. पहिल्यांदा एका कपाचा कान गालिच्यावर पडला तेव्हा आवाजही झाला नाही.

"काय पडलं गं?"

"काही नाही डॅड. माझ्या हातातलं फडकं."

तिने कान अ‍ॅप्रनच्या खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी बस पकडून बेकल्सला गेली. मिसेस फेल्गेटनी कप पाहिला, कान पाहिला, आणि विचारलं, "मालक दात लावून बघणाऱ्यांतले आहेत का?"

"त्यांचे दात मगात असतात," बेरिल म्हणाली, आणि दोघी अशा हसल्या की मिसेस फेल्गेटना कुंचला खाली ठेवावा लागला.

तीन आठवड्यांनी कप परत आला. डॅडनी तो हातात घेतला, ओठाच्या डाव्या कोपऱ्याला लावला. कवळी आल्यापासून ते असं कोपऱ्यात लावायचे. आता नुसती सवय, बेरिलला वाटायचं, प्रार्थनेला ओठ हलवावेत तशी. कप तिथे थोडा जास्तच वेळ राहिला. मग ते म्हणाले, "निर्दोष. ठेव जागेवर." आणि पुन्हा, "थांब, मीच ठेवतो."

त्यानंतर काय काय पडलं ते बेरिलने मोजणं सोडून दिलं.

*

पहिली पाळी मॉरीनची.

ती कपाटासमोर उभी राहिली. "हे सगळं उलटं का लावलंय? हा जग बघ, चित्र भिंतीकडे. ही बशीसुद्धा अर्धी वळलेली."

"शेवटी शेवटी त्यांना दिसत नव्हतं," बेरिल म्हणाली. "मी सरळ करायचे, ते पुन्हा फिरवायचे. मग मीही सोडून दिलं."

मॉरीनने लाल टिकल्यांचं पाकीट फोडलं.

"टिकल्या तळाला लावा," बेरिल म्हणाली. तिचा आवाज तिच्या कानांनाच चढलेला वाटला. "पृष्ठभागावर नको. डिंक राहतो."

"तळाला लावली तर दिसणार कशी? आणि बोलायचं नाही, आठवतंय ना?" मॉरीनने किटली उचलली आणि तोटीच्या बुडाशी, जिथे तोटी अंगाला मिळते तिथे, लाल टिकली अंगठ्याने दाबून दाबून बसवली.

बेरिल खिडकीकडे बघत राहिली. बाहेर वाऱ्याने एक पिशवी कुंपणाला चिकटवून ठेवली होती.

क्लाइव्हने जन्मचकती घेतली: तळहाताएवढी गोल पांढरी चकती, त्यावर निळ्या अक्षरांत मुलीचं नाव, मार्था, आणि जन्माचं वर्ष. गावात मूल झालं की पूर्वी कारखान्यातून अशी करून घ्यायचे. हिरवी टिकली. बेरिलने हाताला लागला तो कप घेतला. पिवळी. मग पुन्हा लाल. मग पुन्हा हिरवी. जॅनिस कोपऱ्यात बसून होती. तिला रंग नव्हता.

टिकल्या लावून झाल्या तेव्हा कपाट गोवर आल्यासारखं दिसत होतं.

*

स्वयंपाकघर.

"तोंड पाडू नकोस," क्लाइव्ह कुजबुजला. तो सँडविच चिरायच्या निमित्ताने आला होता. "मला ठाऊक आहे तुला किटली हवी होती. मॉरीनच्या नातीचं नाव मार्था आहे ना? चकतीवरून तिची नजर हलत नाहीये. मी अदलाबदल करतो. मग किटली तुला."

"नको क्लाइव्ह."

"नको काय नको? मी तुझ्यासाठी कधी काय केलं गं? एवढं तरी करू दे."

"अरे खरंच नको. तिच्याकडेच राहू दे."

"तू ना, लहानपणापासून अशीच. शेवटचा बिस्किटाचा तुकडासुद्धा आम्हाला द्यायचीस आणि मग रात्रभर रडायचीस."

सांगावं का? आत्ता, इथे, सुरी हातात असताना? सांगितलं तर हा हसेल, मग गंभीर होईल, मग विचारेल: आणखी किती? मग ते मॉरीनला कळेल, मॉरीनकडून मंडळाला. आणि डॅडचं ते वाक्य, एक दाखवा जोड, आख्खं कपाट देतो, ते गावभर हसत हसत सांगितलं जाईल. न सांगितलं तर किटली हॅरोगेटला जाईल आणि सुखात राहील. तोटी तर राहील जागेवर. फक्त टिकली कुणी काढली नाही म्हणजे झालं.

"हॅम संपलंय का?" ती म्हणाली. तोवर क्लाइव्ह बाहेर गेला होता.

*

"खरंच देतोस?" मॉरीनचा आवाज. कधी नव्हे तो लहान मुलीसारखा. "क्लाइव्ह, मार्थाला पाळण्यावर टांगता येईल. म्हणजे टांगणार नाही, पण..."

"घे. किटली मला दे."

"माझी लाल काढते, तुझी हिरवी लाव."

बेरिल दारात पोचली, हातात सँडविचची ताटली. मॉरीनने नखाने टिकलीची कड उचलली. डिंक चांगला होता. टिकली आली, आणि तिच्यासोबत नखाएवढी निळी सालही आली.

मॉरीनने टिकली उलटी करून पाहिली. लाल कागदाच्या पाठीवर निळ्या कुंपणाचा एक तुकडा होता, दोन खुंट्या आणि एक आडवी काठी.

या तिघांना कुणी काही सांगायची गरज नव्हती. खरा निळा झिलईच्या खाली असतो. आधी रंगवतात, मग झिलई चढवतात, मग भट्टीत जातं. तो रंग टिकलीला चिकटून येत नाही. कशालाच चिकटून येत नाही.

तोटीच्या बुडाशी एक करडी रेघ उघडी पडली होती.

"बेरिल," मॉरीन म्हणाली.

"हो."

"तू फोडलीस?"

"नाही."

"मग कुणी? डॅडनी सांधलेली किटली घेतली असेल? डॅडनी?"

"त्यांच्या हातून निसटली. गेल्या वर्षी. मी सांधून आणली. त्यांना कळू दिलं नाही."

"कळू दिलं नाही म्हणजे? डॅडना कळलं नाही, असं होईल का?"

"डोळे नव्हते. दात नव्हते. कसं कळणार?"

क्लाइव्हने किटली मॉरीनच्या हातून घेतली, रेघेवरून अंगठा फिरवला. "मगाशी आत बोलायचंस ना गं," तो म्हणाला. आवाज दुखावलेला होता. "मी एवढा तुझ्या बाजूने... तू मला मूर्ख बनवलंस, बेरी."

"मी नको म्हणत होते."

"नको म्हणणं आणि सांगणं यात फरक आहे."

"म्हणजे आणखी आहेत," मॉरीन म्हणाली. ती आता कपाटाकडे बघत होती. "आहेत ना? आम्ही लांबून येऊन इथे शाळेतल्या पोरांसारख्या टिकल्या चिकटवतोय, आणि तू गप उभी. टिकल्या तळाला लावा! मला वाटलं काळजीने म्हणतेय."

"काळजीनेच म्हणत होते."

"एक फोन करता येत नव्हता? डॅडना एवढं दिसेनासं झालंय म्हणून?"

"केला होता. तू म्हणालीस, त्यांचा चष्मा बदल."

तेवढ्यात कोपऱ्यातून जॅनिस म्हणाली, "मी एक बोलू?"

"हा घरातला विषय आहे," मॉरीन म्हणाली.

"म्हणूनच. मी बाहेरची आहे, मला कुणाचं मन राखायचं नाही. आम्ही दर नाताळला दोन तासांसाठी यायचो. क्लाइव्ह घड्याळ बघायचा. तुमचं कार्ड यायचं. त्या म्हाताऱ्याने रोज कपाट उघडलं आणि रोज त्याला सगळं शाबूत मिळालं. ते कुणी केलं? तुम्ही दोघांनी?"

क्लाइव्ह म्हणाला, "जॅन, पुरे."

"पुरे तर पुरे. पण केक फ्रीजवर ठेवलाय तो खाली आणा, मी रात्री जागून केलाय."

*

केक खाली आला. कुणी खाल्ला नाही. मग मॉरीन म्हणाली, "दात लावायचा. सगळ्याला. आत्ताच."

आणि तीन म्हातारी होत आलेली भावंडं, साठीच्या अलीकडे-पलीकडे, कपाटासमोर ओळीने उभी राहिली.

किटलीला दात न लावताच पिवळी; चकती मॉरीनकडेच. बशी. क्लाइव्ह. टक्क. हिरवी राहिली.

कप. मॉरीन. रुतलं. लाल काढली, पिवळी लावली.

दुधाचा जग. क्लाइव्ह. "कानापाशी मऊ लागतंय." पिवळी.

साखरेचं भांडं. मॉरीन. टक्क. लाल.

साखरेच्या भांड्याचं झाकण. मॉरीन. "शी!" पिवळी.

"तुझा पुढचा दात तरी खरा आहे का?" क्लाइव्ह म्हणाला.

"तुझ्या डोक्यापेक्षा जास्त खरा आहे."

बेरिलने हसू दाबलं. क्लाइव्हला ते दिसलं, आणि त्यालाही हसू आलं, आणि क्षणभर ते तिघं पुन्हा लहान होते, कुणाचा तरी वाढदिवस होता, आणि डॅड मागे उभे राहून विचारणार होते, काय लागतंय? मग हसू संपलं. बशी. टक्क. कप. मऊ. पिवळी.

बेरिलला कशालाच दात लावायची गरज नव्हती. तिला प्रत्येक सांधा पाठ होता. हा कंदिलाच्या दिवशी पडला, वीज गेली होती तेव्हा. हा ईस्टरला. हा तिच्याच धक्क्याने, पण त्यांच्या हातून. ती नुसती पिवळ्या टिकल्या पाकिटातून सोडवून देत होती. जे कुणालाच नको ते तिच्याकडे येत होतं, एकामागून एक. एक फळी, तिला वाटलं. एवढं कुठे ठेवायचं?

शेवटी एक छोटा कप उरला. पहिला. ज्याचा कान अ‍ॅप्रनच्या खिशात गेला होता तो. त्यावर लाल टिकली होती, आतल्या अंगाला, कानापासून लांब.

मॉरीनने तो उचलला, कानाच्या वरच्या टोकापाशी दात टेकवला. नेमका तिथे, जिथे मिसेस फेल्गेटनी सर्वात जाड लेप दिला होता, कारण या लपवाछपवीत तेव्हा दोघीही नवख्या होत्या. मॉरीनचे डोळे मिटलेले. तिने तो कप बराच वेळ तसाच धरला.

"काय लागतंय?" क्लाइव्हने विचारलं.

"निर्दोष," मॉरीन म्हणाली. कप कागदात गुंडाळून तिने आपल्या पिशवीत टाकला, पर्सच्या बाजूला, चकतीच्या वर.

बेरिलने तिच्याकडे पाहिलं. मॉरीन चेन लावण्यात गुंतली होती. चेन अडकत होती.

*

निघताना क्लाइव्हने बेरिलला मिठी मारली, पण एका हाताने. दुसऱ्या हातात खोकं होतं. "मंडळाला काही सांगणार नाही," तो म्हणाला. "मॉरीनही नाही सांगणार. डॅडचं नाव आहे."

"बरं."

"आणि नाताळला ये आमच्याकडे."

"येईन," बेरिल म्हणाली. येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मॉरीन टॅक्सीत बसली, काच खाली केली. वाऱ्याने तिचे केस तोंडावर आले. "खोलीत हीटर नीट आहे का गं?" तिने विचारलं.

"आहे."

"बघून घे." काच वर गेली.

जॅनिस मागे रेंगाळली. पिवळ्या टिकल्यांची भांडी कपाटातून काढून तिने एकेक करून स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडली होती. कपाटात आता फक्त कागदावरचे गोल डाग होते, जिथे जिथे बुडं बसली होती तिथे.

"गंमत आहे," ती म्हणाली. "हे सगळे उलटेच होते गं. तोंड भिंतीकडे करून. सरळ होते ते त्या दोघांनी नेले."

"त्यांना दिसत नव्हतं ना शेवटी," बेरिल म्हणाली.

"हं." जॅनिसने कोट चढवला. "केक खा. तू तरी."

गाडी सुरू झाली. मग गाडीचा आवाज गेला. मग फक्त वारा.

*

उजेड अजून होता. बेरिलने किटली ठेवली, चिनीमातीची नाही, पाणी तापवायची, गॅसवरची. वाटाण्याच्या कारखान्याचा मग काढला. टेबलावर दुसरी किटली होती, निळी, बुडाशी करडी रेघ उघडी पडलेली, आणि भोवती बाकीचे, कान सांधलेले, काठ भरलेले, झाकणं जोडलेली. एवढी माणसं या टेबलाभोवती कधी बसली नव्हती.

तिने किटली उचलली. पुलावरचे तिघे डावीकडेच निघाले होते. शिडाची नाव त्यांच्याखाली तशीच उभी, पाणी नसल्यासारखी.

सात वर्षं तिने त्यांना फसवलं होतं. रोज दुपारी, शेजारी उभं राहून. ते म्हणायचे निर्दोष, आणि ती म्हणायची हो डॅड. त्या सगळ्या दुपारी ती खोलीत एकटीच होती, असं तिला आता वाटलं. एक माणूस शेजारी असून एकटी. त्यांना जे कपाट दिसत होतं ते तिच्याकडे नव्हतं, आणि तिच्याकडे जे होतं ते तिने त्यांना कधी दिसू दिलं नाही.

तिने तोटीला दात लावला. मऊ. थोडा रुतला.

"निर्दोष," ती मोठ्याने म्हणाली, कसं वाटतं ते बघायला. पाणी उकळायला लागलं.

हर्बर्ट अटिंग एकसष्टाव्या वर्षी दंतवैद्याकडे गेले तेव्हा त्यांचे सगळे दात काढायचे ठरले होते. खालचा डावा सुळा त्यांनी काढू दिला नाही, तो दात लावायला लागतो, म्हणाले.